थांब म्हणणाऱ्याने वीट द्यावी

वाचक मायबापहो, ‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. या दोन्ही कामांत पैसा पाण्यासारखा जातो, माणसांची पारख होते आणि ठरल्या वेळी काहीही घडत नाही, असा तिचा भावार्थ. परंतु ज्या काळी ही म्हण झाली, त्या काळी घर बांधणारा स्वतः पायाशी उभा असे. माती, दगड, वासे त्याच्या डोळ्यांदेखत येत. उशीर झाला तर का झाला हे त्याला दिसे. पाऊस लागला, गवंडी आजारी पडला, गाठीचा पैसा संपला. आज शहरातला कामगार माणूस घर बांधीत नाही, विकत घेतो. आणि तेही जे अजून उभेच राहिलेले नाही असे घर. कागदावरचे चित्र पाहून जन्माची पुंजी देतो आणि मग वाट पाहत बसतो.

वाट पाहणे हे आपणा वारकऱ्यांना नवे नाही. एका एकादशीपासून दुसऱ्या एकादशीपर्यंत आपण वाटच पाहत असतो. म्हणून या वाट पाहण्याविषयीच चार शब्द लिहावे असे मनात आहे. लिहिण्याचे दुसरे कारण असे की, या बाबतीत माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती आधी सांगतो, विचार मागाहून.

आमच्या छत्रपती संभाजीनगराजवळ वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. तेथील एका कारखान्यात काम करणारे एक टाळकरी गेली वीसएक वर्षे कीर्तनात माझ्या मागे उभे राहतात. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. मूळ पैठणकडचे. नाथषष्ठी कधी चुकली नाही. घरात पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई. शहरात आल्यापासून भाड्याच्या खोल्या. एक खोली सोडली की दुसरी, आणि प्रत्येक वेळी तेलाच्या डब्यात लावलेली तुळस सायकलच्या मागे बांधून न्यायची.

२०१८ साली त्यांनी शहराबाहेर उभ्या राहणाऱ्या एका इमारतीत दोन खोल्यांचे घर घेतले. मुद्दाम तळमजल्याचे घेतले, कारण आईचे गुडघे. करारनामा रीतसर नोंदवला. ताबा डिसेंबर २०२० मध्ये मिळायचा होता. दोनच वर्षांचा प्रश्न म्हणून त्यांनी मधल्या काळासाठी स्वस्तातली खोली घेतली, ती दुसऱ्या मजल्यावर होती. पुढे टाळेबंदी आली. त्या संकटात महारेरा प्राधिकरणाने बांधकामांना सहा महिन्यांची मुदत वाढवून दिली, ते योग्यच झाले. म्हणजे जून २०२१. तो जूनही गेला. इमारतीचा सांगाडा उभा होता, काम थांबले होते.

चौकशीला गेले की बिल्डर तारीख सांगत. आणि तारीख कशी, तर सणाची. ‘दसऱ्याला नक्की.’ दसरा गेला. ‘पाडव्याला गुढी नव्या घरी.’ पाडवाही गेला. मग अक्षय्यतृतीया. आपल्याकडचे जे साडेतीन मुहूर्त, त्यांपैकी एकही त्या गृहस्थांनी रिकामा सोडला नाही. इकडे बँकेने जेवढे कर्ज बिल्डरला पोचते केले होते, त्यावरचे व्याज दर महिन्याला पगारातून कापले जाई, आणि राहत्या खोलीचे सहा हजार रुपये भाडे वेगळे. घर एक, पण ओझे दोन घरांचे.

आता माझी चूक ऐका. २०२२ साली आमच्या भागातील मंदिरात अखंड हरिनाम सप्ताह झाला. त्यात एका दिवसाचे अन्नदान याच बिल्डरांनी केले. बुंदी, पुरी, भाजी, पोटभर पंगत. कीर्तन संपल्यावर सप्ताह समितीने सांगितले त्याप्रमाणे मी त्यांना शाल-नारळ दिला, आणि गादीवरून बोललो की अशा दानशूरांमुळेच धर्म टिकून आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मागे टाळ घेऊन उभे असलेले ते माउली काय करीत होते ते मी पाहिले नाही.

चार दिवसांनी ते घरी आले. म्हणाले, “महाराज, तुमचं ते ऐकतील. एक शब्द टाकता का? नाहीतर मी तक्रार करावी म्हणतो.” मला वाटले, आपल्या सप्ताहाचा दाता, त्याच्यावर तक्रार! मी म्हणालो, “माउली, धीर धरा. पांडुरंग किती युगे विटेवर उभा आहे. वारकऱ्याने कचेरीच्या पायऱ्या झिजवू नयेत. त्याच्या मनात आले की घर होईल.” ते पाया पडले आणि निघून गेले. माझ्या शब्दाखातर त्यांनी दोन वर्षे तक्रार केली नाही.

२०२४ साली काही निमित्ताने मी त्यांच्या खोलीवर गेलो. जिना अरुंद, कठडा नाही. वर पोहोचेपर्यंत मलाच धाप लागली. म्हातारी खाटेवर बसली होती. मी सहज विचारले, “माय, कीर्तनाला दिसत नाही हल्ली?” ती म्हणाली, “कशी येऊ महाराज? तीन वर्सं झाली, खाली उतरले न्हाई. चढ-उतार व्हत न्हाई आता. लेक मोबाईलवर ऐकवतो तुमचं.” म्हणजे सप्ताहात मी ज्या दिवशी शाल घालीत होतो, त्या दिवशी ही माउली पाव कोसावर दुसऱ्या मजल्यावर अडकून बसली होती, आणि तिला अडकवून ठेवणाऱ्याचीच मी स्तुती केली होती. एवढे डोक्यात आले आणि पुढे मला तेथे बोलवेना.

घरी येऊन मी विचार करू लागलो. प्रश्न असा की, दुसऱ्याने शब्द मोडल्यामुळे जे थांबणे वाट्याला येते, त्याला धीर म्हणावे काय? आणि तसा धीर दुसऱ्याला शिकवण्याचा अधिकार कोणाला आहे? पाठशाळेत शिकलेल्या रीतीने आधी पूर्वपक्ष मांडतो.

पहिला आक्षेप असा: घराची हाव ही मायाच आहे. प्रपंच म्हणजे धर्मशाळा, आज आहे उद्या नाही. मग चार भिंतींसाठी एवढी तळमळ कशाला? याचे समाधान सोपे आहे. आपला पंथ संन्याशांचा नाही, गृहस्थांचा आहे. नामदेवराय, गोरोबाकाका, सावतोबा, नाथ, तुकोबा हे सारे घरदार असलेले. गृहस्थाश्रमावर बाकीचे तीन आश्रम जगतात असे मनूनेही सांगितले आहे. घर नसेल तर अतिथी कोठे बसवायचा, एकादशीचा फराळ कोठे करायचा, तुळशीला जागा कोणती? पैठणास नाथांचा वाडा आहे. त्या घरातच हरिभक्ती झाली, तेथेच अतिथी जेवले, आणि पुढे तोच वाडा लोकांचे देवस्थान झाला. हाव वेगळी आणि आसरा वेगळा. दुसऱ्याचे पाहून तिसरी खोली मागणे ही हाव. म्हातारीला जिना उतरता यावा म्हणून तळमजला मागणे याला हाव कोण म्हणेल? आणि धर्मशाळेची उपमा देणाऱ्यांना एवढेच विचारावे की, धर्मशाळेलाही छप्पर असते की नाही?

दुसरा आक्षेप: दाद मागणे भक्ताला शोभत नाही. मी स्वतः हेच बोललो होतो. पण परंपरा काय सांगते? निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार भावंडे शुद्धिपत्रासाठी आळंदीहून पैठणला चालत आली. ‘आम्ही ज्ञानी आहोत, आम्हाला कागद कशाला’ असे ती म्हणाली नाहीत. ज्या सभेच्या हाती तो कागद होता, त्या सभेपुढे उभी राहिली. साक्षात माउलींनी दाद मागितली. मग वाळूजच्या एका टाळकऱ्याने मागितली तर त्याचा वारकरीपणा कोठे बुडाला?

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण: तुकोबांनी तर लोकांची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, मग आपणही येणे सोडून द्यावे. या कथेचा एक भाग आपण कीर्तनात घाईघाईने उरकतो. खते बुडवण्याआधी तुकोबांनी वाटणी केली. धाकट्या भावाच्या वाट्याची खते त्याच्या हाती दिली आणि फक्त आपल्या वाट्याची पाण्यात सोडली. येथेच सगळा सिद्धांत आहे. क्षमा करायची ती आपल्या येण्याची. दुसऱ्याच्या येण्याची क्षमा आपण करू शकत नाही, सख्ख्या भावाच्याही नाही. मी काय केले? त्या टाळकऱ्याच्या वाट्याची खते, त्याच्या आईच्या वाट्याची खते, मीच नदीत सोडायला निघालो होतो. त्यात माझा एक पैसाही नव्हता, आणि वर शाल-नारळाचा मान मात्र घेतला होता.

आता विटेचा विचार करू. मी त्यांना विटेचे उदाहरण दिले होते, पण ते नीट पाहिले नव्हते.

पांडुरंग दारात आला तेव्हा पुंडलिक आईबापांचे पाय दाबीत होता. त्याने देवाला थांबवले, हे खरे. पण कसे थांबवले? तीन गोष्टी केल्या. एक, खरे कारण सांगितले: आईबापांची सेवा चालली आहे, ती टाकून येता येत नाही. दोन, उभे राहायला वीट दिली. चिखलात, पावसापाण्यात तसेच उभे केले नाही. तीन, ज्या कामासाठी थांबवले ते काम सोडले नाही. देवाला दारात उभा करून स्वतः बाजारात फिरायला गेला नाही. म्हणून ते थांबणे पवित्र झाले आणि देवही आनंदाने थांबला. या तिन्हींतले एक जरी नसते, तरी त्याला सेवा म्हणता आले नसते. तो देवाचा अपमान झाला असता.

सांगण्यासारखे एवढेच आहे, मायबाप. थांब म्हणायचे तर खरे कारण सांगा, उभे राहायला वीट द्या, आणि काम चालू ठेवा. वीट म्हणजे काय? थांबणाऱ्याचे जे नुकसान होते आहे, त्याचा भार थांबवणाऱ्याने उचलणे. भाड्याचे सहा हजार, बँकेचे व्याज, म्हातारीचा जिना, या सगळ्याची वीट. ती न देता नुसते ‘धीर धरा’ म्हणणे म्हणजे माणसाला चिखलात उभे करून वर त्यालाच भक्तीचा उपदेश करणे.

ही माझी नवी कल्पना नव्हे. स्मृतिकारांनी व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत निक्षेप आहे, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. अस्वामिविक्रय आहे, म्हणजे आपले नसलेले विकणे. आणि नारदाने व याज्ञवल्क्याने एक पद वेगळेच काढले आहे: विक्रीयासंप्रदान. विकून, मोल घेऊन, वस्तू ताब्यात न देणे. हा गुन्हा तेव्हाही एवढा ठाऊक होता की त्याला स्वतंत्र नाव द्यावे लागले! याज्ञवल्क्य सांगतो की, मोल घेऊन वस्तू न देणाऱ्याकडून ती वस्तू वाढीसह देववावी. या याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वरांनी मिताक्षरा लिहिली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, आपल्या मराठवाड्याच्या उंबऱ्यावर. लहानपणी हे प्रकरण मी घोकून पाठ केले होते. साठी उलटल्यावर, एका जिन्याशी ते मला समजले.

आजचा कायदाही तेच बोलतो. घरबांधणीतल्या फसवणुकीला आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात १९६३ साली एक कायदा झाला होता. त्यानंतर केंद्राचा स्थावर संपदा कायदा, ज्याला लोक रेरा म्हणतात, तो २०१६ साली संमत झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यात असे आहे की, करारात लिहिलेल्या तारखेला ताबा दिला नाही, तर घर घेणाऱ्याने हवे तर करार सोडून आपला पैसा व्याजासह परत मागावा. आणि करार सोडायचा नसेल, तर ताबा मिळेपर्यंतच्या प्रत्येक महिन्याचे व्याज त्याला मिळावे. हीच ती वीट. घर घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम बिल्डरने त्याच इमारतीसाठी वेगळ्या खात्यात ठेवावी, असेही त्यात आहे. हा निक्षेप. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक पैसा घेऊ नये, असाही नियम आहे. सलोख्याने मिटवायचे असेल तर महारेराने सलोखा मंचही केला आहे. तेव्हा दाद मागणे म्हणजे भांडणच, असेही नाही.

पण टाळी एका हाताने वाजत नाही. घर घेणाऱ्यांचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर मी पुन्हा एकांगी होईन.

आमच्या शहरात सत्तरच्या दशकात सिडकोने नव्या वसाहती वसवल्या. त्यांत ज्यांना घर मिळाले ते मार्गी लागले. ज्यांना मिळाले नाही, अशा हजारो गरिबांनी शेतीचे गुंठे पाडलेले तुकडे घेतले. मुद्रांकाच्या कागदावर, नोटरीच्या शिक्क्यावर. त्याला आमच्याकडे ‘बाँडवर घेतलेला प्लॉट’ म्हणतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये व त्याहून अधिक मोलाच्या स्थावराची विक्री नोंदणीवाचून पुरी होत नाही, हे कोणी त्यांना सांगितले नाही. आणि ज्यांना ठाऊक होते त्यांनी स्वस्ताच्या लोभाने कानाडोळा केला. पुढे कोणाचा एकच प्लॉट दोघांना विकला गेला. सरकारने २००१ साली गुंठेवारीचा कायदा करून अशी घरे नियमित करण्याची वाट काढली, आणि २०२१ साली ती सवलत डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवली. तरी अजून कितीतरी कुटुंबे कागदासाठी हेलपाटे घालीत आहेत. गरिबीने केलेली चूक आणि लोभाने केलेली चूक यांत फरक करावा, पण चूक ती चूकच.

दुसरा दोष आळसाचा. कापड घेताना आपण पोत पाहतो, बैल घेताना दात मोजतो. आणि घर घेताना सॅम्पल फ्लॅटचा पडदा पाहून सही करतो. सात-बारा कोणाच्या नावावर, जमीन बिनशेती झाली का, नकाशा मंजूर आहे का, वकिलाने मागच्या तीस वर्षांचा शोध घेतला का, महारेराचा नोंदणी क्रमांक खरा आहे का, क्षेत्रफळ भिंतींच्या आतले सांगितले आहे की बाहेरचे, आणि राहायला जाण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र मिळाले का, हे प्रश्न विचारायला संकोच वाटतो. काही जण किमतीचा काही भाग रोखीने, बिनपावतीचा देतात, आणि मग दाद मागायची वेळ आली की त्या पैशाला साक्षीदार उरत नाही. वेळेवर हप्ता देणे हे घर घेणाऱ्याचेही कर्तव्य आहे, हेही त्याच कायद्यात लिहिले आहे.

आमच्या शहरापासून थोड्या अंतरावर देवगिरीचा किल्ला आहे. तेथे जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना नाथमहाराज एका पैच्या चुकीसाठी रात्रभर हिशेब तपासत बसले, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, ही कथा आपण सगळे जाणतो. हिशेब पाहणे हे काही परमार्थाच्या आड येत नाही. नाथांना तर त्या हिशेबातच एकाग्रता सापडली. त्या टाळकऱ्याची एक वही मी पाहिली. पुढच्या बाजूने अभंग लिहिलेले, मागच्या बाजूने भाड्याचा हिशेब. जुलै २०२१ ते जून २०२४, छत्तीस महिने, सहा हजारांप्रमाणे दोन लाख सोळा हजार. एकाही महिन्याची पावती गहाळ नाही. मला ती वही दोन्ही बाजूंनी सारखीच पवित्र वाटली.

नंतर मी त्या बिल्डरांना भेटायला गेलो. दुष्ट माणूस म्हणून त्यांना रंगवणार नाही. त्यांनी पाणी दिले, आदराने बसवले. मी सरळ विचारले की काम का थांबले. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, “महाराज, तुमच्यापाशी खोटं बोलत नाही. या इमारतीचा पैसा दुसऱ्या जमिनीत गुंतला. ती जमीन वादात अडकली. तिकडून सुटला की इकडे काम सुरू.” मी म्हणालो, “हे लोकांना सांगितले का?” ते म्हणाले, “सांगितलं तर घाबरतील. सगळे एकदम पैसे मागायला येतील.”

त्यांच्या अडचणी मला कळतात. लोखंड-सिमेंट महाग होते, परवानग्या लांबतात, घेणारेही हप्ते थकवतात. उशीर हा प्रत्येक वेळी दोषच असतो असे मी म्हणणार नाही. पण लपवणे हा दोष आहे. पुंडलिकाने देवाला कारण सांगितले; यांनी माणसांना सण सांगितले. ठेव एका घराची आणि खर्चली दुसऱ्या जमिनीवर, हा पहिला अपराध. आणि ते झाकण्यासाठी दसरा-पाडव्याचे पवित्र दिवस खर्ची घातले, हा दुसरा. मी त्यांना म्हणालो, “साहेब, सप्ताहाची ती बुंदी कोणाच्या पैशाची होती?” त्यांनी उत्तर दिले नाही. मीही ती खाल्ली होती, म्हणून पुढे बोलण्याचे मलाही धैर्य झाले नाही.

पण एक केले. पुढच्या सप्ताहाच्या बैठकीत मी सांगितले की, ज्यांच्याकडे लोकांची घरे अडकली आहेत त्यांचे अन्नदान आपण घेऊ नये. आणि मागच्या वेळी मी गादीवरून केलेली स्तुती मी गादीवरूनच परत घेणार आहे. बैठकीत बरीच कुरबूर झाली. “पंगत कशी होणार?” “दाते तुटतील.” शेवटी एका जुन्या वारकऱ्याने तोड काढली: त्या दिवशी प्रत्येक घराने पाच भाकरी आणाव्यात, मंदिरात नुसते पिठले करावे. तसेच झाले. बुंदी नव्हती, पण भाकरी उरल्या.

टाळकऱ्यांना मी म्हणालो, “माउली, मी तुम्हाला चुकीचे सांगितले. तक्रार करा.” त्यांनी २०२४ सालीच महारेराकडे तक्रार केली. सुनावणी चालू आहे. हे लिहितेवेळी घर झालेले नाही. सुखांताची गोष्ट सांगण्याचा मला मोह होतो, आम्हा कीर्तनकारांना ती सवयच असते. पण खरे ते हेच. मात्र त्या इमारतीतल्या इतर कुटुंबांनीही आता एकत्र येऊन लेखी कारण मागितले आहे. तोंडी तारखा घेणे त्यांनी बंद केले.

आता दर एकादशीला मी त्यांच्या खोलीवर जातो. जिना चढतो, बसतो, आम्ही चार जण हरिपाठ म्हणतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटले, आपल्या चुकीचे थोडे तरी प्रायश्चित्त झाले. निघताना म्हातारी म्हणाली, “महाराज, तुम्ही वर आलात, लई बरं वाटलं. पन मला खाली उतरायचं हाय.”

त्या वाक्यापुढे माझे प्रायश्चित्त जागच्या जागी राहिले. दया ही वरच्या मजल्यावर चढून येते. न्याय म्हणजे तिला तळमजला मिळणे. पहिल्याने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. आपण कीर्तनकार, टाळकरी, समित्यांचे चालक यांनी एवढे जरी लक्षात ठेवले की, ज्याचे येणे अडकले आहे त्याला धीराचा उपदेश करण्याआधी ज्याने अडकवले त्याच्याकडे वीट मागायची, तरी पुष्कळ झाले. आणि आपल्यापैकी जो कोणी दुसऱ्याला ‘थांब’ म्हणतो, मग तो घर बांधणारा असो, भाडेकरूची अनामत ठेवणारा घरमालक असो, की मजुराची आठवड्याची मजुरी पुढे ढकलणारा मुकादम, त्याने आधी खाली पाहावे: ज्याला आपण थांबवले, त्याच्या पायाखाली काही आहे की नाही?

रामकृष्णहरि.